सब्लिमेशन छपाईचे मग टिकाऊ व्हावेत यासाठी साहित्याची निवड कशी करावी

बडोद्यात गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत छापील मगांना चांगली मागणी असते. मंडळाच्या स्पर्धांची बक्षिसे, गरब्याच्या गटाला द्यायची भेट, शाळासोबत्यांच्या स्नेहमेळाव्याची आठवण, मुंजीतला परतीचा आहेर अशा निमित्तांनी दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या घरगुती उद्योग करणाऱ्या मराठी मंडळींकडे वीस-पंचवीसपासून दोनशे-तीनशेपर्यंत मगांचे काम येते. छपाई झाली त्या दिवशी स्वस्त मग आणि चांगला मग शेजारी ठेवले तर ग्राहकाला फरक दिसत नाही. काही महिन्यांच्या घासण्या-धुण्यानंतर मात्र एकाचे चित्र जसेच्या तसे राहते आणि दुसऱ्यावरचा लक्ष्मीविलास राजवाडा फिकट पिवळ्या डागासारखा दिसू लागतो.

माझे मत स्पष्ट आहे. चित्र किती टिकेल हे सर्वांत जास्त मगावरच्या आवरणावर, म्हणजे धंद्यात ज्याला कोटिंग म्हणतात त्यावर ठरते. त्यानंतर मगाच्या मातीवर, आणि शाई, कागद व यंत्र यांवर त्यानंतर. नवीन माणूस नेमके उलट करतो. प्रिंटर आणि हीट प्रेस, म्हणजे छापलेला कागद गरम पट्टीने मगावर दाबणारे यंत्र, यांवर भरपूर खर्च करून कोरा मग मात्र तो मिळेल तो सर्वांत स्वस्त घेतो. म्हणून पुढे आधी कोरा मग, म्हणजे त्याची माती आणि आवरण, आणि त्यानंतर शाई, कागद व यंत्र असा क्रम घेतला आहे.

रंग नेमका कुठे बसतो

सब्लिमेशनच्या शाईत डिस्पर्स जातीची रंगद्रव्ये असतात. साधारण १८० ते २१० अंश सेल्सियसच्या दरम्यान ही रंगद्रव्ये द्रवरूप न होता थेट वायुरूप होतात आणि उष्णतेने सैल झालेल्या पॉलिएस्टरसारख्या पॉलिमरमध्ये शिरतात. पॉलिमर थंड झाला की ती आतच अडकून राहतात, आणि म्हणूनच चांगल्या मगावर बोट फिरवले तर चित्राचा कोठेही उंचवटा लागत नाही. चिनी मातीच्या मगाची झिलई ही मुळात काच असते. तिच्यात रंगाला शिरायला जागा नसल्यामुळे बाजारातून आणलेल्या साध्या मगावर कितीही उष्णता दिली तरी चित्र पक्के बसत नाही. सब्लिमेशनसाठीच्या कोऱ्या मगावर झिलईच्या वर पॉलिमरचा एक पातळ, पारदर्शक थर फवारून तो भट्टीत पक्का केलेला असतो. आपले चित्र त्या थरात राहते. थर झिजला, पिवळा पडला किंवा झिलईपासून सुटला, तर शाई कितीही उत्तम असली तरी चित्र त्याच्याबरोबर जाणारच.

मग कोण घासणार आहे, हे आधी विचारावे

साहित्य निवडण्यापूर्वी ग्राहकाला विचारण्याचा पहिला प्रश्न किमतीचा नसावा; मग कुठे वापरला जाईल आणि कसा धुतला जाईल हा असावा. आपल्याकडे बहुतेक घरांत कामवाल्या बाई सगळी भांडी एकत्र घासतात, आणि कढईसाठी काढलेली तारेची घासणी मगावरही फिरते. त्यामुळे इथल्या मगाला सर्वांत मोठा धोका ओरखड्यांचा आहे आणि त्यासाठी आवरण कठीण हवे. ज्या घरांत डिशवॉशर आहे तिथे ओरखडे पडत नाहीत, परंतु गरम पाणी आणि क्षारयुक्त पावडर एकत्र येतात. पॉलिएस्टरमधील एस्टर बंध क्षाराने हळूहळू तुटतात, म्हणून तिथे आवरणाची रासायनिक मजबुती महत्त्वाची ठरते. कार्यालयातल्या टेबलावर पेन ठेवण्यासाठी मग जाणार असेल तर या दोन्हींची काळजी नाही. तिथे खिडकीतले ऊन हा शत्रू आहे. डिस्पर्स रंग अतिनील किरणांनी उडतात आणि त्यावर आवरणाचा उपाय मर्यादितच असतो.

उत्तर मिळाल्यावर कोणत्या चाचणीला किती वजन द्यायचे हे ठरते. रोज चहासाठी वापरायचा मग आणि शोकेसमध्ये ठेवायचा मग यांना एकाच दर्जाचा माल घेणे म्हणजे एकीकडे पैसे वाया घालवणे किंवा दुसरीकडे ग्राहक गमावणे होय.

मगाची माती

नेहमीचा सरळ मग ११ औंसांचा, म्हणजे सुमारे ३२५ मिलीलिटरचा असतो. त्याचा व्यास साधारण ८२ मिलीमीटर आणि उंची ९५ मिलीमीटरच्या आसपास असते. बाजारात तो कमी तापमानाला भाजलेल्या सच्छिद्र मातीचा, स्टोनवेअरचा (त्याहून जास्त तापमानाला घट्ट भाजलेल्या मातीचा) किंवा पोर्सिलेनचा मिळतो. विक्रेता या सर्वांना सरसकट ‘सिरॅमिक’ म्हणतो, म्हणून ओळख आपणच करून घ्यावी लागते.

सच्छिद्र माती का नको, हे समजून घेतले पाहिजे. मगाच्या बुडाशी जी बिनझिलईची कडा असते तिच्यातून सच्छिद्र माती प्रत्येक धुण्यात पाणी पिते. हे पाणी पुढे मायक्रोवेव्हमध्ये तापते, मगाचा कान हाताला चटका देतो, आणि झिलईवर जाळीसारख्या बारीक भेगा पडल्या की वरचे आवरणही त्या भेगांबरोबर फाटते. पोर्सिलेन मात्र जवळपास काचेसारखे घट्ट भाजलेले असते आणि त्याचे पाणी शोषण ०.५ टक्क्यांहून कमी असते.

माती ओळखण्याची सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे खोक्यात फुटून आलेला एखादा मग टाकून न देता त्याच्या फुटलेल्या कडेवर लिहिण्याच्या निळ्या शाईचा एक थेंब ठेवणे. पाच मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसावे. पोर्सिलेनवरची शाई जवळजवळ पूर्ण निघून जाते; सच्छिद्र मातीवर ती पसरते, आत जाते आणि निळा डाग कायम राहतो. आकडाच हवा असेल तर तोच तुकडा पूर्ण वाळवून सोनाराच्या काट्यावर तोलावा, दोन तास पाण्यात उकळावा, गार झाल्यावर वरचे पाणी टिपून पुन्हा तोलावा. शंभर ग्रॅमचा तुकडा अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त वाढला तर तो पोर्सिलेनच्या दर्जाचा नाही. फुटलेला मग हाताशी नसेल तर माठ घेताना मारतो तशी टिचकी मारून पाहावी. घट्ट भाजलेला मग खणखणीत वाजतो. कच्च्या मातीचा किंवा तडा गेलेला मग बद्द आवाज देतो. या चाचणीने मातीची जात पक्की कळत नाही, पण तडा गेलेले मग प्रेसमध्ये घालण्यापूर्वी वेगळे काढण्यासाठी ती प्रत्येक मगावर करावी असे मी आग्रहाने सांगेन.

बोन चायनाबद्दल एक गोष्ट इथे लिहिणे आवश्यक वाटते. त्यात जनावरांच्या हाडांची राख असते. बडोद्यात जैन आणि वैष्णव ग्राहक मोठ्या संख्येने आहेत आणि अनेकांना ते चालत नाही. म्हणून माल नेमका कशाचा आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि ग्राहकाला न विचारताही सांगावे.

मगाचा आकारही टिकाऊपणाशी जोडलेला आहे. भिंत सरळ नसेल तर प्रेसची गरम पट्टी सगळीकडे सारखी टेकत नाही, कमी दाबाच्या जागी रंग खोलवर शिरत नाही आणि तोच भाग आधी फिका पडतो. हे तपासण्यासाठी समान रुंदीची कागदी पट्टी मगाभोवती घट्ट गुंडाळावी. दोन्ही टोके एकमेकांवर बरोबर बसली तर मग सरळ आहे; एक टोक वर आणि एक खाली गेले तर तो निमुळता आहे. त्यानंतर स्टीलची पट्टी उभी टेकवून उजेडाकडे धरावी. पट्टी आणि मग यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली तर भिंत पोटात दबलेली किंवा फुगलेली आहे असे समजावे.

आवरणाची पारख

निवडीचा खरा वेळ इथे द्यायचा आहे. विक्रेते ‘ए ग्रेड’, ‘ट्रिपल ए’ असे शब्द वापरतात; या शब्दांना सर्वमान्य मोजमाप नाही, त्यामुळे एका दुकानाचा ‘ट्रिपल ए’ दुसऱ्याच्या साध्या मालापेक्षा हलका निघू शकतो. मोठी ऑर्डर देण्यापूर्वी प्रत्येक विक्रेत्याकडून निदान सहा मग नमुना म्हणून विकत घ्यावेत आणि ते पुढील क्रमाने तपासावेत.

प्रथम डोळ्यांनी पाहावे. ट्यूबलाइटखाली उभे राहून मग हळूहळू फिरवावा आणि तिचे प्रतिबिंब त्याच्या पृष्ठभागावर कसे पडते ते पाहावे. प्रतिबिंबाची रेघ सरळ आणि स्वच्छ असेल तर थर सारखा आहे. ती संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसली तर फवारणी नीट झालेली नाही. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे, बुडाशी साचलेले ओघळ आणि कानाच्या जोडाजवळ कोरडा राहिलेला भाग शोधावा. कानाजवळची जागा फवाऱ्याला अवघड असते आणि आवरण बहुधा तिथूनच सुटायला लागते, म्हणून माझी नजर नेहमी आधी तिथे जाते. पांढरेपणा पाहण्यासाठी सगळे नमुने एका ओळीत शुभ्र कागदावर मांडावेत. एकेकटा पाहिलेला प्रत्येक मग पांढराच वाटतो.

दुसरी चाचणी कठीणपणाची. रंगाच्या थरांचा कठीणपणा चित्रकलेच्या पेन्सिलींनी मोजण्याची पद्धत उद्योगांत रूढ आहे आणि एएसटीएम डी ३३६३ या मानकात ती दिलेली आहे. बडोद्यात ललित कलेचे विद्यार्थी मोठ्या संख्येने असल्यामुळे बी, एचबी, एच, २एच, ३एच अशा पेन्सिलींचा संच मिळणे कठीण नाही. पेन्सिलीचे लाकूड काढून शिसे तसेच दंडगोल ठेवावे आणि बारीक सँडपेपरवर उभे घासून त्याचे टोक सपाट करावे. ती ४५ अंशांच्या कोनात धरून मगावर जोराने पुढे ढकलावी. सर्वांत कठीण पेन्सिलीपासून सुरुवात करून खाली यावे. रेघ खोडरबराने पुसल्यावर आवरणावर चर उरला नाही, अशी जी पहिली पेन्सिल मिळेल तोच त्या आवरणाचा दर्जा. माझा नियम असा आहे की रोजच्या वापराच्या मगाला २एच किंवा त्याहून वरचा दर्जा हवा, आणि जे आवरण एचबीनेच खरवडले जाते ते तारेच्या घासणीपुढे टिकणार नाही असे समजून तो विक्रेता सोडून द्यावा. ही चाचणी छपाईनंतर पुन्हा करावी, कारण अर्धवट भाजलेले स्वस्त आवरण प्रेसच्या उष्णतेने मऊ पडून त्यावर कागदाचा तंतू चिकटलेलाही आढळतो.

तिसरी चाचणी उष्णतेची. एका नमुन्यावर काहीही न छापता तो कोऱ्या कागदात गुंडाळून नेहमीच्या तापमानाला आणि नेहमीच्या वेळेपुरता प्रेसमध्ये ठेवावा. बाहेर काढल्यावर शेजारच्या कोऱ्या मगापेक्षा तो पिवळसर दिसला तर आवरण हलक्या दर्जाचे आहे, किंवा आपले यंत्र दाखवते त्यापेक्षा जास्त तापते आहे. दोन वेगळ्या विक्रेत्यांचे मग एकाच यंत्रात पाहिले की दोष कोणाचा ते लगेच कळते.

चौथी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी चाचणी सोड्याची आहे. एका नमुन्यावर गडद काळा, लाल, निळा आणि राखाडी असे उभे पट्टे छापावेत. लिटरभर गरम पाण्यात ५ ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवावा आणि मग त्यात अर्ध्या उंचीपर्यंत बुडेल असा रात्रभर उभा ठेवावा. शक्य तेवढा वेळ पाणी गरम राहावे म्हणून पातेले झाकून कापडात गुंडाळावे. सकाळी हातमोजे घालून मग काढावा, धुवावा आणि पाण्याच्या रेषेच्या वरचा व खालचा भाग ताडून पाहावा. बुडालेल्या भागाची चकाकी गेली असेल, बोटाला खरखरीत लागत असेल किंवा नखाने कडेचा पापुद्रा निघत असेल, तर असा मग डिशवॉशरसाठी तर नाहीच, पण रोज भांड्यांच्या पावडरीने घासण्यासाठीही योग्य नाही. अर्धा भाग कोरडा ठेवल्याचा फायदा असा की तुलनेसाठी दुसरा मग लागत नाही आणि ग्राहकाला दाखवायला हाच पुरावा पुरतो.

आपला मग डिशवॉशरमध्ये इतक्या-इतक्या वेळा चालतो असा दावा विक्रेता करत असेल तर तो ईएन १२८७५ या युरोपीय मानकाप्रमाणे तपासला आहे का, हे विचारावे. भांड्यांच्या यंत्रधुलाईची चाचणी त्यात ठरवून दिली आहे. त्याचबरोबर मगाच्या आतल्या झिलईतून शिसे आणि कॅडमियम सुटत नसल्याचा आयएसओ ६४८६ नुसार अहवालही मागावा. याचा चित्राशी संबंध नाही, परंतु लोक त्यातून चहा पिणार आहेत. आवरण आणि चित्र दोन्ही बाहेरच्या बाजूलाच असावे आणि ओठ टेकतो तो वरच्या कडेचा २० मिलीमीटरचा भाग शक्यतो न छापलेला ठेवावा. कडेशी पट्टीचा दाबही कमी असतो, त्यामुळे चित्र थोडे खाली घेतल्याने त्याचा टिकाऊपणाही वाढतो.

काचेच्या, स्टीलच्या आणि रंग बदलणाऱ्या मगांबद्दल थोडक्यात सांगतो. काचेला आणि स्टीललाही हेच आवरण लागते. येराच्या काचसामानाची ओळख असलेल्या या शहरात काचेच्या मगाची हौस असणे स्वाभाविक आहे, पण काचेवर थराची पकड कमी असते, म्हणून त्यावर सोड्याची चाचणी न चुकता करावी. स्टीलचा मग फुटत नाही, मात्र तो मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. गरम चहा ओतल्यावर चित्र दाखवणारा काळा मग आकर्षक असला तरी त्यावरचा उष्णतेने बदलणारा थर नाजूक असतो. तो हातानेच, मऊ स्पंजाने धुवावा लागतो हे विकतानाच सांगावे.

शाई, कागद आणि पावसाळा

प्रिंटर पिझो पद्धतीच्या, म्हणजे शाई न तापवता ढकलणाऱ्या, हेडचा असावा, कारण ज्या प्रिंटरमध्ये शाई तापवून उडवली जाते त्यात ही शाई चालत नाही. बाटलीवर ‘सब्लिमेशन’ असे स्पष्ट लिहिलेले असावे; साधी फोटोची शाई मगावर बसत नाही. उत्पादनाची तारीख पाहूनच बाटली घ्यावी, एका कंपनीची शाई दुसरीच्या शाईत मिसळू नये, आणि त्या शाईची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे पडद्यावरचे रंग छपाईत बरोबर उतरवणारी फाइल, मिळते का ते विचारावे. प्रोफाइल नसेल तर राजवाड्याचा दगड आणि माणसांचे चेहरे कधीच खरे दिसत नाहीत, आणि रंग गडद करण्यासाठी जादा शाई ओतली की ती आवरणात न शिरता वरच राहते व पहिल्या धुण्यात निघते.

कागद १०० ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या आसपासचा, एका बाजूने लेप असलेला घ्यावा. बडोद्यात आषाढ-श्रावणात दमट हवा कागदात मुरते. प्रेसमध्ये त्या ओलाव्याची वाफ होते, कागद सरकतो आणि चित्राच्या कडा पुसट होतात किंवा आवरणावर बारीक फोड येतात. हे फोड पुढे आवरण सुटण्याची सुरुवात ठरतात. कागदाचे पाकीट सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे, लागतील तेवढेच कागद काढावेत, आणि छापलेला कागद पूर्ण वाळल्यावरच मगावर लावावा. विश्वामित्रीला पूर आलेल्या आठवड्यात तळमजल्यावर ठेवलेले कागद तर पुन्हा वाळवूनही छपाईसाठी वापरू नयेत. चिकटवण्यासाठी पॉलिइमाइडची उष्णतारोधक टेपच घ्यावी. साधी टेप वितळून तिचा गोंद आवरणात जातो.

प्रेसमध्ये साहित्याला न्याय मिळतो का

उत्तम मगही चुकीच्या उष्णतेने खराब होतो. बहुतेक मग १८० ते २०० अंशांवर दोन ते चार मिनिटांत पक्के होतात, मात्र अचूक आकडा त्या विशिष्ट आवरणासाठी नमुना मगांवर शोधावा लागतो. थंड मग आत ठेवताच यंत्राचे तापमान बरेच खाली येते, म्हणून ठरलेले तापमान पुन्हा गाठल्यावरच वेळ मोजावी. यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. रंग बदलणारी तापमान-पट्टी मग आणि कागद यांच्यामध्ये ठेवून खरे तापमान पाहावे. काळा रंग तपकिरी झाला तर उष्णता किंवा वेळ जास्त झाली आहे, आणि चित्र धुरकट, फिकट आले तर ती कमी पडली आहे. कमी पडलेल्या मगावर रंग वरवरच राहिलेला असतो, त्यामुळे तो आज ठीक दिसला तरी ग्राहकाला देऊ नये.

छपाईपूर्वी मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि तंतू न सोडणाऱ्या फडक्याने पुसावा. बाहेर काढताच कागद चटकन सोलावा, कारण गरम मगावर सैल कागद राहिला तर चित्राची सावली उमटते. मग पंख्याखाली किंवा जाळीवर गार होऊ द्यावा. थंड पाण्यात बुडवण्याची काहींची पद्धत आहे. पोर्सिलेन ती बहुधा सहन करते, पण सच्छिद्र मातीच्या मगाला त्याने बारीक भेगा पडतात आणि त्या काही आठवड्यांनी दिसू लागतात.

प्रत्येक लॉटची नोंद

एकदा विक्रेता पसंत पडला म्हणून पुढच्या खोक्यातले मग तसेच असतील असे गृहीत धरू नये. खोके आले की त्यावरचा लॉट क्रमांक, तारीख, वापरलेले तापमान आणि वेळ वहीत लिहावी, आणि प्रत्येक लॉटमधील दोन मगांवर पेन्सिलीची व सोड्याची चाचणी करूनच मोठ्या कामाला हात घालावा. एक छापलेला मग त्याच तारखेच्या चिठ्ठीसह स्वतःच्या स्वयंपाकघरात रोजच्या चहाला वापरावा. दुसऱ्या मगाचा अर्धा भाग अॅल्युमिनियमच्या पन्नीने झाकून तो चैत्र-वैशाखाच्या उन्हात पश्चिमेकडच्या खिडकीत ठेवावा. पन्नी काढल्यावर दोन्ही भागांतील फरक पाहून खिडकीजवळ ठेवल्या जाणाऱ्या मगांबद्दल ग्राहकाला काय सांगायचे ते ठरवता येते.

मगाबरोबर द्यायच्या चिठ्ठीत तीन गोष्टी पुरतात: तारेच्या घासणीऐवजी स्पंज वापरावा, सोडा असलेल्या पावडरीत मग भिजत ठेवू नये, आणि तो सतत उन्हात ठेवू नये. डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह यांचा उल्लेख चाचणीत तो लॉट टिकला असेल तेव्हाच करावा. चिठ्ठी मराठीबरोबर गुजरातीतही छापावी, कारण मग घासणाऱ्या हातांपर्यंत ती सूचना पोहोचली पाहिजे.